निळा रंग, लाल लाईट आणि मशेरीची डबी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ४७ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरातच ब्लाउज, ड्रेस शिवून देण्याचं त्यांचं काम. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणं तीन-चार वर्षं चालू आहे. आता खालची उजवी दाढ भाकरी चावताना हलल्यासारखी वाटते. तिथल्या डॉक्टरांनी ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, दाढांपाशी ६-७ मिलिमीटरचे पॉकेट आहेत असं सांगितलं. हिरडीखालची सफाई चार बैठकांत करायची आणि प्रत्येक बैठकीत ‘फोटोडायनॅमिक’ नावाची लाईटची ट्रीटमेंट द्यायची, असा त्यांचा बेत आहे. सफाईचे ८,००० आणि लाईटचे १२,००० रुपये. ताईंनी ओव्हरलॉक मशीनसाठी नेमके २०,००० साठवलेत. यजमान म्हणतात, डॉक्टर लुटतोय. पुण्याची नणंद म्हणते, फक्त लाईट घे, सुई नाही की रक्त नाही. ताईंच्या आईचे दात साफ केल्यानंतर दोन वर्षांत पडले आणि पन्नाशीत कवळी आली, म्हणून त्यांना सफाईचीच धास्ती आहे. त्या विचारतात, ‘सफाई न करता नुसती लाईट घेतली तर चालेल का? आणि आमच्या घराण्याच्या हिरड्याच कच्च्या, मग एवढा खर्च करून उपयोग तरी आहे का?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘तंबाखू खात नाही, फक्त सकाळी थोडी मशेरी लावते.’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही वाटलं की प्रश्न लाईटचाच आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर अडले. तिच्याकडे येतेच. पण विचारलंय त्याचं उत्तर आधी द्यायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल डॉक्टरीणबाई विषय बदलतात. तर सफाई न करता नुसती लाईट घेतलीत तर हिरड्या बऱ्या होणार नाहीत. आणि सफाई नीट झाली, तर पहिल्या फेरीत लाईटसाठी १२,००० घालावेत असं मला वाटत नाही. असं का, ते जरा सविस्तर सांगते. नुसतं ‘नको’ एवढंच घेऊन तुम्ही दवाखान्यात गेलात, तर तुमचं आणि डॉक्टरांचं बोलणंच खुंटेल.

पॉकेट म्हणजे काय, हे तुम्हाला समजावणं मला सोपं आहे. ब्लाउजच्या गळ्याला पट्टी कशी घट्ट बसलेली असते, तशी हिरडी दाताला बसलेली असते. निरोगी तोंडातही पट्टीच्या कडेला थोडी मोकळी जागा असतेच, १ ते ३ मिलिमीटर. तुमच्या दाढांपाशी ती ६-७ झाली आहे. म्हणजे बाहेरून पट्टी जागेवर दिसते, पण आतले टाके उसवलेत, आणि त्याखालचं हाडही खाली गेलंय. त्या उसवलेल्या जागेत दोन गोष्टी असतात. एक कीटण. पाणी तापवायच्या रॉडवर क्षार चढतो ना, तसा मुळाला चिकटलेला दगड. दुसरा, त्या दगडावर जंतूंचा चिकट थर, टाकीच्या भिंतीवर शेवाळ धरावं तसा. जंतू हलत्या पाण्यात पोहत असते तर चूळ भरूनही गेले असते. ते दगडाच्या आसऱ्याला घर करून राहतात, सगळी अडचण त्याचीच आहे.

आता लाईट. ही जादू नाही आणि थोतांडही नाही. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक टापायनर यांच्या हाताखाली काम करत होता. ॲक्रिडीन नावाच्या रंगाने पॅरामेशियम हे सूक्ष्म जीव किती वेळात मरतात, ते तो पाहत होता. एकच रंग, तेवढंच प्रमाण, पण एका दिवशी ते झटपट मरत आणि दुसऱ्या दिवशी जगून राहत. असं सांगतात की एका प्रयोगाच्या दिवशी बाहेर वादळ होऊन अंधारून आलं होतं, आणि त्यावरून त्याच्या लक्षात आलं की फरक उजेडाचा आहे. रंग एकटा फारसं काही करत नव्हता, उजेडही एकटा करत नव्हता. दोन्ही एकत्र आले की जीव मरत होते. नंतर कळलं की तिसराही एक भागीदार असतो, तो म्हणजे ऑक्सिजन. रंगाचा कण उजेड शोषतो आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. तो ऑक्सिजन मग असा खवळतो की हाताला लागेल त्या जंतूचं आवरण जाळतो. हे खवळणं सेकंदाच्या काही दशलक्षांशाइतकंच टिकतं, त्यामुळे रंग जिथे पोचला तिथेच काम होतं, बाजूच्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. कल्पना म्हणून मला ती आजही सुंदर वाटते.

दवाखान्यात ते असं करतात: बोथट सुईने पॉकेटमध्ये निळा रंग सोडतात, बहुतेक वेळा मेथिलीन ब्लू. माशांच्या टाकीत टाकायचं निळं औषध पाहिलं असेल, तेच. एक-दोन मिनिटं थांबतात, जास्तीचा रंग धुतात, मग केसासारखी बारीक दांडी आत घालून लाल लाईट सोडतात. एका जागेला साधारण मिनिटभर. रंग हिरवा असला (इंडोसायनीन ग्रीन) तर लाईट डोळ्यांना न दिसणारी असते. दुखत नाही, हे नणंदेचं म्हणणं खरं आहे. डोळ्यांना चष्मा लावतात, हिरडीला थोडा वेळ निळसर झाक राहते.

मग अडतं कुठे? जंतू मेले तरी दगड तिथेच राहतो. टाकीतलं शेवाळ औषधाने मारलं आणि खरवडून काढलंच नाही तर काय होतं? मेलेल्यावर नवं चढतं. पॉकेटचंही तसंच, काही आठवड्यांत जंतू पुन्हा वस्तीला येतात. आणखी एक गंमत आहे. या उपचाराला ऑक्सिजन लागतो, आणि खोल पॉकेटमध्ये नेमका तोच कमी असतो; तिथले सगळ्यांत दांडगे जंतू हवेशिवायच वाढणारे. शिवाय सुजलेल्या हिरडीतून रक्त आणि पाणी सतत पाझरत असतं, त्यात रंग वाहून जातो. आणि थराच्या पार तळापर्यंत तो झिरपेलच असंही नाही. म्हणून या विषयातली जाणकार मंडळी लाईटला नेहमी ‘जोड उपचार’ म्हणतात. सफाईच्या जोडीला. सफाईच्या जागी ती बसवता येत नाही. नणंदेच्या ओळखीत कुणाला लाईटने बरं वाटलं असेल, तर आधी सफाई झाली होती का, एवढं विचारून बघा. झालेली असणारच, असा माझा अंदाज आहे.

आता खरा प्रश्न. सफाईवर लाईटची भर घातली तर किती जास्त फायदा होतो? हा विषय आमच्याकडच्या एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकात पुढचं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रबंधासाठी फार लाडका, आणि जगभर यावर शेकड्यांनी लिहिलं गेलंय. बरेचसे अभ्यास एकाच तोंडात दोन भाग करून केलेले असतात: उजव्या बाजूला सफाई अधिक लाईट, डाव्या बाजूला नुसती सफाई. कोक्रेन ही संस्था असे विखुरलेले अभ्यास गोळा करून, चाळून एकत्र निष्कर्ष काढते. तिने २०२४ मध्ये या उपचाराचा आढावा घेतला. त्यात ५० चाचण्या होत्या, माणसं मिळून १,४०० च्या आसपास. निष्कर्ष असा की लाईटची भर घातल्याने सहा महिन्यांनी पॉकेट सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जास्त कमी झालेलं दिसतं, पण पुरावा अतिशय कच्चा आहे आणि एवढ्या फरकाने रुग्णाच्या दृष्टीने काही बदलतं असं म्हणता येत नाही.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? आम्ही पॉकेट मोजतो ती काडी हातात धरून, अंदाजाने पूर्ण मिलिमीटरमध्ये. तीच हिरडी सकाळी मी मोजली आणि दुपारी माझ्या सहकाऱ्याने मोजली, तर एका मिलिमीटरचा फरक सहज पडतो. याउलट नुसत्या नीट सफाईने काय मिळतं ते बघा. सहा-आठ महिन्यांत पॉकेट सरासरी १.७ मिलिमीटरने कमी होतं, खोल असेल तर त्याहून जास्त, आणि चारांतली जवळपास तीन पॉकेट बंद होतात. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली हिरड्यांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सफाईला जोड म्हणून ही लाईट वापरू नये अशीच सूचना आहे, लेझरबद्दलही तीच. ‘वापरल्यास गुन्हा’ अशी नाही. पुरावा पुरेसा नाही, खर्च आहे, तेव्हा सध्या नको, अशा सुरातली.

म्हणून तुमचे डॉक्टर लुटताहेत का? यजमानांना मी एवढं लगेच होकार देणार नाही. त्यांनी एक्स-रे काढला, पॉकेट मोजले, आकडे तुम्हाला सांगितले, सफाई आधी धरली, आणि दोन्हींचा खर्च वेगवेगळा लिहून दिला. लुटणारा माणूस सहसा एवढं करत नाही. फायदा झाला असं सांगणारे लहान-लहान अभ्यास भरपूर आहेत, यंत्र विकणारे तेच पुढे करतात, आणि चांगला डॉक्टरही त्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ शकतो. तुम्ही त्यांना भांडणाच्या सुरात न बोलता म्हणा, ‘आधी सफाई पूर्ण करू. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. जिथे पॉकेट उरेल तिथे काय करायचं ते तेव्हा ठरवू.’ यावर नाक मुरडणारा डॉक्टर मला तरी क्वचितच भेटलाय. मुरडलंच, तर मात्र दुसरीकडे दाखवा. जिथे पॉकेट न मोजता, कीटण न काढता थेट ‘लाईटचं पॅकेज’ पुढे केलं जातं, तिथल्यासाठी यजमानांचं वाक्य राखून ठेवा.

आता तुमच्या आईबद्दल. ‘दात साफ केले की सैल होतात’ हे मी पंचवीस वर्षं ऐकतेय. प्रत्येक घरात त्याला एक साक्षीदार असतो, तुमच्या घरात आई. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, पण कारण उलटं लागलंय. पडक्या भिंतीला वाळवीच्या वारुळानेच टेकू दिलाय असं समजा. वारूळ काढलं की भिंत डुलायला लागते. लोक म्हणतात, वारूळ काढलं म्हणून भिंत पडली. पोखरली कुणी, हे कुणी विचारत नाही. आईंच्या दातांभोवतीचं हाड सफाईच्या कितीतरी आधी झिजलं असणार. कीटणाचा दगड शेजारच्या दातांना सांधून धरत होता. तो निघाला आणि दातांचा खरा आधार किती उरलाय ते उघडं पडलं. दुसरं असं की त्या काळी एकदा सफाई करून घरी पाठवत. तीन-तीन महिन्यांनी परत बोलवणं, दातांच्या फटींत घालायचे ब्रश शिकवणं, हे फारसं होत नसे. राहिलेलं काम जंतूंनी पुरं केलं.

तुमच्या सफाईनंतर काय होईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. सूज उतरली की हिरडी आवळते, दात लांब दिसतात, मधे फटी जाणवतात. गार पाण्याने काही आठवडे शिवशिवतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही. सुजलेला पाय उतरला की चप्पल सैल होते, त्यातलाच प्रकार. सफाई हिरडीखालची असल्याने भूल देऊनच करतात, तेव्हा सुईला अगदीच पर्याय नाही. पण टोचणं तेवढंच. काही ठिकाणी चार बैठका घेतात, काही ठिकाणी एक-दोन दिवसांत सगळं तोंड उरकतात. दोन्ही चालतं, तुमच्या कामाच्या सोयीने ठरवा. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग असताना नको.

घराण्याच्या कच्च्या हिरड्यांचं म्हणाल तर अनुवंशाचा थोडा वाटा असतो, नाकारत नाही. पण घराण्याकडून आपल्याला हिरड्यांबरोबर सवयीही मिळतात. आई मशेरी लावायच्या का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे.

तर ती ओळ. ‘तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते.’ ताई, तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तंबाखू तंबाखूच राहते. उलट खाणारा ती गालात ठेवतो, तुम्ही ती बोटाने थेट हिरडीवरच चोळता. निकोटिनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरून यायची ताकद कमी होते, हिरडी मागे सरकते. सफाईचा आणि लाईटचाही फायदा तंबाखूचा वापर असेल तर कमी पडतो. १२,००० ची लाईट एकीकडे आणि रोज सकाळची चिमूटभर मशेरी दुसरीकडे ठेवली, तर पारडं कुणाचं जड होईल हे मला विचारू नका. आणि तोंडाच्या कॅन्सरचं तर मी वेगळं सांगायला नको. सफाईच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गालाच्या आतली बाजू आणि ओठाची घडी नीट बघायला सांगा. पांढरा किंवा लाल, खरखरीत चट्टा असेल तर तो आधी.

मला माहीत आहे, मशेरी सुटणं सोपं नाही. बायका मला हळूच सांगतात, ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे खोटं नाही, निकोटिनने आतड्यांना चालना मिळतेच. काही दिवस त्रास होतो. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, रात्री जरा जास्त भाजी, थोडं चालणं, याने तो निभतो. काहींनी दाढ दुखते म्हणून सुरू केलेली असते आणि बधिरपणाला आराम समजून पुढे चालू राहते. तुमचं तसं असेल तर सफाईनंतर ते कारणच उरणार नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ वर फोन केला तर पैसे पडत नाहीत, आणि ‘मशेरी’ म्हटल्यावर पलीकडचा माणूस दचकणारही नाही. घरात कुणाला न सांगता करायचं असेल तर दुपारी, मशीनवर असताना फोन लावा. चार बैठकांच्या तारखा ठरतील त्याआधीच्या आठवड्यात बंद केलीत तर उत्तम, कारण हिरडी भरून येण्याचे ते पहिले आठवडे वाया जाऊ नयेत. आणि बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्त जास्त येतंय असं वाटलं तर मशेरीला पुन्हा जवळ करू नका. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळून रक्त येणं दाबून ठेवलेलं असतं, ते उघडं पडतं एवढंच.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, मी विचारते: साखर तपासली आहे का? ४७ वर्षं, हिरड्या इतक्या उसवलेल्या, तर माझ्याकडे आला असतात तर मी सफाईआधी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, करून घ्यायला पाठवलं असतं. मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर जास्त असली की हिरडी भरत नाही, आणि हिरडीतली सततची सूज साखर चढती ठेवते. उलटही खरं आहे: मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांचे उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्के अंकांनी खाली येतं असं कोक्रेनच्याच २०२२ च्या आढाव्यात आहे. कागदावर आकडा लहान वाटतो, पण डॉक्टर त्यासाठी एक गोळी वाढवायचा विचार करतात. आणि हा पुरावा लाईटच्या पुराव्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.

जाता जाता, शिवताना दोरा दातांनी तोडता का? पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच दिसत असेल तर ती त्याचीच. कात्री गळ्यात अडकवा.

आता पैशांचं. २०,००० सगळे जायची गरज नाही. सफाईचे ८,००० काढा. थोडे रक्ताच्या तपासणीला आणि दातांच्या फटींत घालायच्या ब्रशना ठेवा. हे छोटे, बाटली धुवायच्या ब्रशच्या पिल्लासारखे दिसणारे ब्रश. तुमच्या फटीला कुठल्या मापाचा बसतो ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, पुढे एक मागे दुसरा लागू शकतो. सैल पडला तर नुसता फिरतो, घट्ट असला तर हिरडी दुखावतो. रात्री झोपण्याआधी, रोज, प्रत्येक फटीत. पहिले काही दिवस रक्त येईल. येतंय म्हणून थांबायचं नाही, येतंय म्हणूनच करायचं. सकाळी मशेरीच्या वेळेला मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेला तिरका टेकवून हलक्या हाताने. ही पद्धत आरशासमोर डॉक्टरांना एकदा करून दाखवा. लोकांना ब्रश येतो असं आम्ही गृहीत धरतो, पण तो बहुतेकांना येत नसतो. आणि मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिकची पट्टी आणू नका. हिरडी सुजल्यावर त्याने दोन-तीन दिवस बरं वाटतं, पण दगड तिथेच असतो, पुढच्या वेळी औषध कमी लागू पडतं.

८,००० हीसुद्धा अडचण असेल, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. खर्च फार कमी येतो. वेळ मात्र जास्त जातो, कारण काम शिकणारे विद्यार्थी करतात आणि शिक्षक तपासतात. मला विचाराल तर दोनदा तपासलेली सफाई वाईट नसते.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. पॉकेट ४ किंवा कमी आणि काडी लावल्यावर रक्त नाही, तर ती जागा जिंकली. ४-५ आणि रक्त येतंय, तर तिथे पुन्हा सफाई. ६ किंवा जास्त उरलं, तर छोट्या शस्त्रक्रियेचा विचार, म्हणजे हिरडी उचलून डोळ्यांसमोर दगड काढणं. तुमची हलणारी दाढ बहुधा या शेवटच्या गटात जाईल. तिच्या मुळांच्या मधल्या फाट्यात हाड उरलंय का, हे ओपीजीवर थोडंफार आणि काडीने जास्त नीट कळतं. ‘ही दाढ वाचेल का, आणि किती वर्षं?’ असं डॉक्टरांना थेट विचारा. कधीकधी एक दाढ काढून बाकीचे दात सांभाळणं शहाणपणाचं असतं.

लाईटला माझी कायमची बंदी नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हृदयाचं दुखणं आहे, शस्त्रक्रिया झेपणार नाही, पुन्हा सफाई करूनही दोन-तीन जागा हट्टाने उरल्यात, अँटिबायोटिक टाळायचंय, अशा माणसाला त्या दोन-तीन जागांपुरती लाईट डॉक्टरांनी सुचवली तर मी अडवणार नाही. पुरावा तिथेही पातळच आहे, पण निदान प्रश्न नेमका आहे आणि खर्च चारही बैठकांचा नाही. घ्यायचीच झाली तर चालू गोळ्यांची यादी आधी दाखवा. उदासीसाठीच्या काही गोळ्यांशी मेथिलीन ब्लूचं जमत नाही, आणि जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असणाऱ्यांना तो त्रास देऊ शकतो. हा इशारा मुख्यतः शिरेतून दिलेल्या औषधाचा आहे, हिरडीत थेंबच जातो, पण सांगायला काय जातं. आणि ऑनलाइन मिळणारे तोंडात धरायचे निळे-लाल दिवे म्हणजे हा उपचार नव्हे. रंगाशिवायची लाईट म्हणजे दोऱ्याशिवायची सुई.

तर आता करायचं एवढंच: रक्ताची तपासणी, सफाईची पहिली तारीख, आणि त्याआधीच्या सोमवारी डबी घराबाहेर. ओव्हरलॉकचे उरलेले पैसे तसेच राहू देत. पहिल्या बैठकीला डॉक्टरांकडून सगळ्या दातांच्या आकड्यांचा तक्ता मागून घ्या, प्रत्येक दाताला सहा आकडे असतात. नाही दिला तर मोबाइलवर फोटो काढा. तीन महिन्यांनी दुसरा तक्ता येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवा आणि खालच्या उजव्या दाढेचा आकडा मला जरूर कळवा.